सोळा आण्यातला एक आणा: वडिलांच्या प्रॉपर्टीत मुलीचा वाटा कायद्यात कसा आला

२०११ चा उन्हाळा होता. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून मी आत्याला एक दस्त वाचून दाखवत होते. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, आत्या चौथी शिकलेली, म्हणून पप्पा म्हणाले तू वाचून दाखव तिला. "सदर मिळकतीतील माझा अविभक्त हिस्सा मी कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने, माझ्या भावांच्या लाभात कायमचा सोडून देत आहे." पेपरमधली बातमी वाचावी तसं मी वाचलं, आत्या "बरं" म्हणाली आणि आम्ही आत गेलो. वेबकॅमने फोटो निघाला. मग मशीनवर तिचा अंगठा काही उमटेना, खुरपं धरून धरून रेषाच झिजलेल्या, ऑपरेटरने चार वेळा पदराला पुसून परत ठेवायला लावला, पाचव्या वेळी उमटला. संध्याकाळी आईने तिची ओटी भरली, साडी नेसवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती सासरी गेली.

ते वाक्य मी मोठ्याने वाचलं खरं, पण त्यातला "अविभक्त हिस्सा" म्हणजे काय हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. आता रस्त्यांसाठी भूसंपादन सुरू झालं की गावोगावी बहिणींच्या सह्यांची धावपळ होते, मोबदल्यावरून भाऊ-बहीण कोर्टात जातात, सुप्रीम कोर्टाचा एखादा निकाल आला की व्हॉट्सअॅपवर "मुलींना आता हक्क मिळाला" आणि "मुलींना आता हक्क नाही" असे दोन्ही मेसेज एकाच दिवशी फिरतात. म्हणून हे सगळं सुरुवातीपासून, जमेल तेवढं सोपं करून लिहितेय. मुख्यतः हिंदू वारसा कायद्याबद्दल आहे, जो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो. बाकीच्यांचं पुढे येईल.

आधी विहिरीचं उदाहरण घेऊ

प्रॉपर्टी दोन प्रकारची. एक स्वकष्टार्जित, म्हणजे वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली. दुसरी वडिलोपार्जित, म्हणजे पणजोबा-आजोबांकडून एकत्र कुटुंबात चालत आलेली. या दुसऱ्या प्रकारात ज्याला जन्मतःच वाटा असतो त्याला कायद्यात सहदायक म्हणतात. शब्द अवघड वाटेल, पण गावाकडे सामाईक विहीर असते ना, अगदी तसंच आहे. एका विहिरीवर चार भावांच्या पाळ्या असतात, कुणाची सोमवारी, कुणाची मंगळवारी. विहीर एकच, पण पाळी प्रत्येकाची. घरात नवा वाटेकरी जन्मला की बाकीच्यांच्या पाळ्या थोड्या कमी होतात, पूर्वी कुणी वारला की वाढायच्याही. आणि आपली पाळी वेगळी करून मागायचा अधिकार प्रत्येकाला असतो, त्यालाच वाटणी म्हणायचं. वाटणी होईपर्यंतचा, वेगळा न काढलेला वाटा म्हणजेच दस्तातला "अविभक्त हिस्सा".

सगळा प्रश्न एवढाच होता की या विहिरीवर पाळी कुणाची? शेकडो वर्षं उत्तर होतं, फक्त पुरुषांची.

हे कुणी ठरवलं?

आपल्याकडे जो नियम चालत आला तो मिताक्षरा नावाच्या ग्रंथातला. चालुक्यांच्या राजवटीत, आज बीदर जिल्ह्यात असलेल्या कल्याणीला, विज्ञानेश्वर नावाच्या पंडिताने याज्ञवल्क्य स्मृतीवर ही टीका लिहिली. मुलगा, नातू, पणतू यांना जन्मतः हक्क, हे त्यात पक्कं झालं. बंगालमध्ये दायभाग नावाची वेगळी पद्धत होती, तिच्यात वडील असेपर्यंत मुलालासुद्धा हक्क नव्हता. म्हणजे परंपरा एकच नव्हती, प्रांतागणिक बदलत होती. मुंबई इलाख्यात नीलकंठाच्या मयूख ग्रंथाचंही वजन होतं, त्यामुळे इथे बहिणीला वारसांच्या यादीत जरा वरचं स्थान होतं आणि मुलीला वारसा मिळालाच तर तो पूर्ण मालकीने मिळायचा. पण तो मिळायचा कधी, तर मुलगा नसेल, विधवा नसेल, तेव्हा. रांगेत उभं राहू द्यायचे, पण नंबर यायचा नाही.

विधवेचं तर काय सांगायचं. एकत्र कुटुंबातला नवरा गेला की त्याची पाळी भावांकडे जायची आणि तिच्याकडे उरायचा अन्नवस्त्राचा हक्क. अन्नवस्त्र हा शब्द नीट बघा. तिची जमीन राहिली नाही, तिचं जेवण राहिलं, आणि तेही दुसऱ्याच्या मर्जीवर.

१९३७: विधवेला वाटा, पण हयातीपुरता

पहिला मोठा धक्का दिला मुंबईच्या एका डॉक्टरने. सर्जन असलेले डॉ. गो. वि. देशमुख मध्यवर्ती विधिमंडळात निवडून गेले होते, त्यांनी हिंदू स्त्रियांच्या संपत्तीच्या हक्काचं बिल आणलं. १९३७ साली ते पास झालं, आजही जुने वकील त्याला देशमुख अॅक्ट म्हणतात. त्याने विधवेला नवऱ्याच्या वाट्यात मुलाइतका हिस्सा दिला. पण ती मालकी हयातीपुरती होती. जमीन कसायची, उत्पन्न खायचं, पण सबळ कारणाशिवाय विकायची नाही, मृत्युपत्राने कुणाला द्यायची नाही, आणि ती गेली की जमीन परत नवऱ्याच्या वारसांकडे. घर राहायला दिलं पण किल्ली दिराकडे ठेवली, असा प्रकार. मुलीला तर या कायद्याने काहीच दिलं नाही.

तरी मी देशमुखांचं नाव आदराने घेते. विधवेचं नाव वाटेकऱ्यांच्या यादीत घालणं त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

बाबासाहेब आणि हिंदू कोड बिल

यानंतर १९४१ मध्ये बी. एन. राव समिती नेमली गेली, तिने लग्न, घटस्फोट, दत्तक, वारसा या सगळ्याचा एक सलग मसुदा बनवला. स्वातंत्र्यानंतर कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो हातात घेतला. मूळ मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता, तो त्यांच्या काळात मुलाच्या बरोबरीचा झाला. आणि इथेच सगळा विरोध उसळला. घटस्फोटाच्या तरतुदीवर जेवढा राग होता तेवढाच मुलीच्या वाट्यावर होता. कुटुंबं फुटतील, भाऊ-बहीण वैरी होतील, जावई येऊन शेतात बसेल. हे सगळं तेव्हा संसदेत आणि रस्त्यावर बोललं गेलं आणि आज आमच्या चावडीवर जसंच्या तसं ऐकू येतं.

बिल रखडत गेलं, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. कारणं इतरही होती, पण हिंदू कोड बिल सोडून दिलं जाणं हे मोठं कारण होतं. लेकीच्या वाट्यासाठी स्वतःची खुर्ची सोडणारा कायदामंत्री आपल्या देशाला मिळाला, ही गोष्ट प्रत्येक मुलीला शाळेत शिकवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

नंतर बिलाचे चार तुकडे करून १९५५-५६ मध्ये चार वेगवेगळे कायदे पास झाले. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे हिंदू वारसा कायदा, १७ जून १९५६ पासून लागू.

१९५६ ला नक्की काय मिळालं? आण्यात हिशोब करू

दोन गोष्टी खरंच मोठ्या मिळाल्या. एक, बाईच्या नावावर जे आहे ते आता पूर्ण तिच्या मालकीचं, हयातीपुरतं वगैरे संपलं. दोन, वडिलांच्या स्वकष्टाच्या प्रॉपर्टीत, ते मृत्युपत्र न करता वारले तर, मुलगा, मुलगी, बायको आणि आजी हयात असेल तर तीसुद्धा, सगळ्यांना समान वाटा.

पण वडिलोपार्जित जमिनीची विहीर पुरुषांचीच राहिली. आणि आपल्याकडे गावात शेती म्हणजे बहुतेक हीच. मग मुलीला काय? तर वडील वारले की आधी कागदावर वाटणी झाली असं समजायचं, त्यात वडिलांची जी पाळी येईल तेवढ्यातच मुलीला वाटेकरी करायचं.

जुन्या माणसांसारखा सोळा आण्यात हिशोब करू. घरात वडील, आई, दोन मुलगे, एक मुलगी. वडील मृत्युपत्र न करता वारले. कागदावरच्या वाटणीत चार वाटे पडतात: वडील, आई आणि दोन मुलगे, प्रत्येकी चार आणे. मुलगी या वाटणीत नाहीच. आता वडिलांचे चार आणे आई, दोन मुलगे आणि मुलगी या चौघांत वाटायचे, प्रत्येकाला एक आणा. म्हणजे आईला पाच आणे, प्रत्येक मुलाला पाच आणे आणि मुलीला एक आणा. सोळा एकर जमीन असेल तर भावाला पाच एकर, बहिणीला एक. आणि हे "समान वारसा" देणाऱ्या कायद्याखाली.

राहत्या घराचं वेगळंच होतं. मुलगी वारस असली तरी भावांनी स्वतः वाटणी करायचं ठरवेपर्यंत तिला घराची वाटणी मागता येत नव्हती. लग्न होऊन सासरी सुखाने नांदत असेल तर त्या घरात राहायचाही हक्क नाही, विधवा झाली किंवा नवऱ्याने टाकली तरच. जिथे जन्मली त्या घरात परत यायला तिचं आयुष्य मोडावं लागायचं!

२२ जून १९९४: एका घरात दोन बहिणी, दोन कायदे

हा एका आण्याचा अन्याय काही राज्यांनी आधी दुरुस्त केला. केरळने एकत्र कुटुंब पद्धतच कायद्याने संपवली, आंध्र आणि तमिळनाडूने १९८० च्या दशकात मुलीला सहदायक केलं, महाराष्ट्राने १९९४ मध्ये. त्याआधी शेतकरी संघटनेने १९८६ ला चांदवडला शेतकरी बायकांचं प्रचंड अधिवेशन घेतलं होतं, पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची, आणि शंभर घरांनी केली की गाव लक्ष्मीमुक्त. ती चळवळ बायकोच्या हक्काची होती, लेकीच्या नव्हे, पण सातबाऱ्यावर बाईचं नाव येऊ शकतं हे गावाने तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

महाराष्ट्राच्या कायद्यात मात्र एक मेख होती. २२ जून १९९४ च्या आधी ज्या मुलीचं लग्न झालं तिला हा हक्क नाही. म्हणजे थोरलीचं लग्न मे महिन्यात लागलं, तिला जुना एक आणा. धाकटीचं पुढच्या लग्नसराईत लागलं, तिला भावाइतका वाटा. आई-बाप एक, घर एक, फरक फक्त लग्नाच्या तारखेचा. भावाच्या लग्नाची तारीख कुणी कधी विचारली नाही.

९ सप्टेंबर २००५: मुलगीही विहिरीवर

लॉ कमिशनने २००० साली शिफारस केली होती, पाच वर्षांनी संसदेने कायदा बदलला. आता देशभर मुलगी जन्मतः सहदायक, मुलासारखीच, लग्न झालेलं असो नसो, कधीही झालेलं असो. घराच्या वाटणीची अटही गेली. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि व्यवहार उकरून काढता येत नाहीत.

तोच हिशोब परत करू. वडील, आई, दोन मुलगे, एक मुलगी. आता कागदावरच्या वाटणीत पाच वाटे. वडिलांचा पाचवा हिस्सा चौघांत वाटला की आई, दोन भाऊ आणि बहीण, प्रत्येकाला बरोब्बर चार आणे. सोळा एकरात चार-चार एकर. एका आण्याचे चार आणे व्हायला १९५६ पासून ४९ वर्षं लागली.

मग २०२० चा निकाल कशासाठी?

कारण कोर्टांमध्येच गोंधळ झाला. २०१५ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील जिवंत असतील तरच मुलीला हा हक्क. २०१८ च्या दुसऱ्या निकालात वडील २००१ ला वारलेले असूनही मुलींना हिस्सा मिळाला. खालच्या कोर्टांनी कुणाचं ऐकायचं? शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला, विनिता शर्मा खटल्यात, तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सांगितलं की हक्क जन्माने आहे, त्यामुळे वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. आणि "आमची तोंडी वाटणी आधीच झाली होती" असं म्हणून चालणार नाही, सरकारी कागदासारखा भक्कम पुरावा लागेल.

एक अपवाद लक्षात ठेवा. वडील १९५६ च्या आधीच वारले असतील तर जुने नियम लागतात, तिथे वकिलाला कागद दाखवल्याशिवाय काही ठरवू नका.

"पण लग्नात एवढा खर्च केला की!"

हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. लग्नाचा खर्च हा जमिनीचा वाटा नाही, कायद्यात अशी वजाबाकीच नाही. हुंडा तर १९६१ पासून गुन्हा आहे, आणि तो जातो कुणाकडे, सासरच्या खिशात, मुलीच्या नावावर त्यातलं किती राहतं हे प्रत्येकाने आपल्या घरात आठवून बघावं. शिवाय खर्च भावाच्या लग्नातही होतो, त्याच्या शिक्षणालाही होतो.

"तिला सासरी मिळतं ना?"

नाही मिळत. सुनेला सासरच्या जमिनीत जन्मतः हक्क नाही. तिला मिळतं ते नवरा गेल्यावर, त्याची बायको म्हणून. म्हणजे नवरा जिवंत असताना ती दोन्ही घरांत बिनजमिनीची. देशातल्या एकूण शेतजमिनीच्या खातेदारांपैकी बायका २०१५-१६ च्या कृषी गणनेत जेमतेम १४ टक्के होत्या, आणि खुरपणीला, वेचणीला कोण असतं ते बांधावर उभं राहून बघा.

"आईबापांना आम्ही सांभाळतो"

सांभाळणाऱ्याचे कष्ट खरे आहेत, मी ते कमी लेखत नाही. पण जबाबदारी कायद्याने मुलीवरही आहे. लग्न झालेल्या मुलीनेही आईवडिलांना पोटगी द्यायला हवी असं सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्येच आपल्या कल्याणच्या एका खटल्यात सांगितलं, आणि २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदाही मुलगा-मुलगी भेद करत नाही. आणि खरोखर जो सांभाळतो त्याला जास्त द्यायचं वडिलांच्या मनात असेल तर स्वकष्टाच्या प्रॉपर्टीचं आणि स्वतःच्या वाट्याचं मृत्युपत्र ते करू शकतात. मुलीच्या वाट्याचं मात्र नाही, तो तिचा आहे.

"जमिनीचे तुकडे पडतील"

तुकडे पडलेच आहेत, आणि ते लेकींमुळे नाही. महाराष्ट्रात सरासरी शेत १९७०-७१ ला सव्वाचार हेक्टरच्या आसपास होतं, २०१५-१६ ला १.३४ हेक्टरवर आलं. एवढ्या वर्षांत वाटा नेला कुणी, भावांनीच ना? तिसरा भाऊ जन्मला तेव्हा तुकडे पडतील म्हणून त्याच्याकडून कुणी हक्कसोड लिहून घेतला नाही.

सातबाऱ्यावर नाव नाही, मग हक्क गेला का?

नाही. सातबारा आणि फेरफार हे महसुलाचे कागद आहेत, नाव नाही म्हणून मालकी संपत नाही. पुष्कळ गावांत बहिणींची नावं मुद्दाम "इतर हक्क" रकान्यात टाकलेली दिसतात, त्यानेही वाटा कमी होत नाही. वारस नोंदीची नोटीस निघाल्यावर हरकतीला पंधरा दिवस असतात, ते वाया घालवू नका. सातबारा आता मोबाईलवर दिसतो, माहेरचा गट नंबर माहीत करून घ्या.

हक्क जातो तो रजिस्टर्ड हक्कसोड पत्राने. तो एकदा झाला की फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध केल्याशिवाय मोडत नाही, आणि कळल्यापासून तीन वर्षांत कोर्टात जावं लागतं. म्हणून सही करायच्या आधी एकच प्रश्न विचारा: माझा वाटा किती गुंठे आहे? आकडा ऐकल्यावरही राजीखुशीने द्यायचा असेल तर जरूर द्या, ते तुमचं देणं आहे. पण आकडा न सांगता घेतलेल्या सहीला राजीखुशी कसं म्हणायचं?

बाकीच्या बहिणींचं काय

मुस्लिम कुटुंबात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा. त्रावणकोरच्या ख्रिश्चन मुलींना जुन्या कायद्याने मुलाच्या पाव हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी ते मिळायचं, मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध लढून १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकलं. शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी समान वारस आहेत, आणि बाप मृत्युपत्राने अर्ध्याहून जास्त दुसऱ्याला देऊन टाकू शकत नाही. आदिवासी बहिणींना मात्र हिंदू वारसा कायदा थेट लागूच नाही. नंदुरबार, पालघर, गडचिरोलीच्या बायका आजही रूढी काय सांगते यावर अवलंबून आहेत.

आणि हिंदू कायद्यातही एक काटा तसाच राहिलाय. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या स्वतःच्या कमाईवर पहिला हक्क नवऱ्याच्या वारसांचा, तिच्या आईवडिलांचा नंतर. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरने हाकललेल्या, माहेरी राहून शिकलेल्या आणि नोकरी केलेल्या बाईची सगळी पुंजी २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने याच कलमामुळे नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिली. कमावत्या मुलींनो, मृत्युपत्र करा, वय बघू नका.

"वाटा मागितला तर माहेर तुटेल"

हे शेवटी ठेवलं कारण याला कायद्यात उत्तर नाही. आत्याने सही केली ती याच भीतीने, तिने मला नंतर सांगितलं. आजोबा वारले २००९ ला, आजी त्याआधीच गेलेली, जमीन सहा एकर, वारस तिघं. तिचे दोन एकर होते. तिला ते दोन एकर कुणी सांगितले नाहीत, आणि दस्तातही आकडा नव्हता, नुसता "अविभक्त हिस्सा".

तीन वर्षांपूर्वी रस्त्याला आमची दीड एकर गेली. मोबदल्याच्या यादीत नावं पप्पांची आणि काकांची. तोवर मी हे सगळं वाचलेलं होतं, मी आणि दादाने पप्पांना सोळा आण्याचा हिशोब वहीवर मांडून दाखवला. पप्पा बराच वेळ वही बघत बसले. मग त्यांच्या वाट्यातून तिचा भाग त्यांनी तिच्या खात्यात भरला. काका म्हणाले, हक्कसोड झालाय, कायद्याने विषय संपला, आणि कायद्याने ते बरोबरच होतं. आत्या आधी घेईचना, भावाकडून पैसे घेतले तर लोक काय म्हणतील, पप्पा म्हणाले, "अगं, तुझेच आहेत, मी फक्त उशिरा देतोय." भाऊबीजेला ती दोन्ही घरी आली, आधी काकांकडे, मग आमच्याकडे.